टिकलीवरचा गंधार

घरातल्या टिकल्या झुरळं खातात, हे कमलाकांत धैर्यवानांनी बायकोला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं की राजलक्ष्मीबाईंनी त्याच संध्याकाळी कपाट रिकामं करून कोपऱ्याकोपऱ्यात बोरिक पावडर पेरली. झुरळं बिचारी विनाकारण मेली. टिकल्या मात्र नाहीशा होतच राहिल्या. आधी लाल गेल्या, मग मरून गेल्या, आणि लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेलं खड्यांच्या टिकल्यांचं पाकीट उघडलं तर त्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात चमकणारी टिकलीच तेवढी उपटलेली.

ती सापडली कमलाकांतांच्या व्हायोलिनवर. व्हायोलिनच्या मानेवर जी लांबट काळी पट्टी असते, जिच्यावर तारा दाबून सूर काढायचे, तिच्यावर वरपासून खालपर्यंत राजलक्ष्मीबाईंचं अख्खं सौभाग्य चिकटवलेलं होतं.

"ही माझी खड्यांची टिकली आहे," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"तो तीव्र मध्यम आहे," कमलाकांत म्हणाले.

राजलक्ष्मीबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा तीव्र मध्यमाकडे पाहिलं, आणि मेलेल्या झुरळांची मनातल्या मनात माफी मागितली.

आता यात कमलाकांतांची चूक काय? तर होती, आणि मोठी होती. पण ती समजायला त्यांचा जन्म समजून घ्यायला हवा. फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीत त्यांनी उभी हयात ड्राफ्ट्समन म्हणून काढली. पेन्सिल, पट्टी आणि डोळा, एवढ्यावर त्यांचा संसार चालला. भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी असली तरी त्यांना जेवण जायचं नाही. डोळ्यांना दिसतं ते खरं आणि बाकीच्या अफवा, अशी त्यांची पक्की समजूत. असा माणूस निवृत्तीनंतर नेमका व्हायोलिनच्या नादी लागला. हार्मोनियमला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला काही म्हणजे काही नसतं. बोट गव्हाच्या दाण्याएवढं सरकलं की सूर शेजारच्याच्या घरात जाऊन बसतो. कमलाकांतांना हा उघड उघड बेजबाबदारपणा वाटला. खुणाच नाहीत? मग माणसाने बोट ठेवायचं कुठे?

दादरच्या क्लासातल्या सरांनी पहिल्या दिवशी दोन-तीन खुणा करून दिल्या होत्या. "हा पांगुळगाडा आहे हं," ते म्हणाले होते. "पाय फुटले की सोडायचा. मग बोटाला आपोआप समजतं आणि कान चूक सांगतो." कमलाकांतांनी यातलं पांगुळगाड्यापर्यंतचंच ऐकलं. खुणा सोडणं दूरच, त्यांनी रंग ठरवून टाकले. षड्ज-पंचम लाल, शुद्ध स्वर मरून, कोमल स्वर काळे, आणि तीव्र मध्यम हा जरा खास स्वर, म्हणून त्याला खडा.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगितलं नाही तर कमलाकांत नुसतेच विक्षिप्त ठरतील. राजलक्ष्मीबाई सुरेख गायच्या. गिरगावातल्या करवंदवाडीत (जिथे करवंद कुणी कधी पाहिलं नाही) चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्यांचं गाणं असे आणि साथीला लालबागचे तात्या पेटीवर असत. लग्न झाल्यापासून कमलाकांत त्या गाण्याला हजर. जागा ठरलेली: मागच्या रांगेत, मांडीवर बायकोची पर्स, हातात तिच्या कोमट पाण्याचा थर्मास. गाणं रंगलं की राजलक्ष्मीबाई तात्यांकडे बघून हसत, तात्या पेटीवर एक गिरकी घेऊन परत हसत, आणि मागच्या रांगेत कमलाकांत थर्मासचं झाकण घट्ट करत. त्यांना मत्सर वाटायचा. उगाच सभ्यपणे दुसरं नाव कशाला द्यायचं? तात्यांचा नाही, तात्यांचं पोट पेटीला टेकायचं, त्यांचा मत्सर कोण करणार? त्यांना मत्सर वाटायचा त्या सतरंजीवरच्या हातभर जागेचा. एकदा, फक्त एकदा, तिथे बसून बायकोच्या गाण्यात आपला सूर मिसळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. सरळ व्हायोलिन विकत आणलं.

तीन वर्षं वाजवल्यावर या वर्षी त्यांनी धीर करून विषय काढला. राजलक्ष्मीबाईंनी भेंडी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"तुमचं व्हायोलिन ऐकून माझं डोकं दुखत नाही," त्या म्हणाल्या. "दात दुखतात."

"सुधारलंय आता."

"बरं. दोन पदं म्हणणार आहे. पहिल्याला तात्या, दुसऱ्याला तुम्ही. दुसरं पद यमनमधलं आहे. तुमच्यामुळे माझा सूर हलला, तर ते व्हायोलिन माळ्यावर जाईल आणि पुन्हा खाली येणार नाही. कबूल?"

"कबूल," कमलाकांत म्हणाले, आणि त्यांचे हात तेव्हापासूनच घामेजले.

घाम हाच पुढे घात करणार होता. चैत्रातलं गिरगाव, वर पंखा गरगरतोय तो फक्त गरम हवा घरभर वाटायला. बोटं तारेवरून सरळ घसरावीत म्हणून कमलाकांत डाव्या हाताच्या बोटांना खोबरेल लावत. आता टिकलीचा डिंक, त्यावर खोबरेल, त्यावर घाम आणि त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पुढेमागे घसरणारी चार बोटं. टिकल्यांनी जागा सोडली. एकदम नाही, मुंगीच्या पावलाने. गंधार रोज थोडा थोडा मध्यमाकडे सरकत होता, धैवत निषादाच्या शेजाराला चालला होता, आणि कमलाकांत चष्म्यातून नेम धरून बरोब्बर त्यांच्यावर बोट टेकवत होते.

"गंधार चढलाय!" आतून आवाज यायचा.

"टिकलीवरच आहे बोट!"

"टिकली चढली असेल!"

"टिकली कशी चढेल? टिकली काय माणूस आहे?"

"अहो, कान कशाला दिलेत देवाने? चष्मा अडकवायला?"

त्यांची मुलगी क्षितिजा दादरला राहायची. आईवडिलांमधला हा गंधाराचा तंटा फोनवर ऐकून ऐकून ती शेवटी स्वतःच आली आणि वडिलांच्या फोनवर सूर मोजायचं एक ॲप घालून दिलं. त्यात काटा असतो. सूर बरोबर लागला की काटा मधोमध येऊन हिरवा होतो. कमलाकांतांना हे ॲप फार म्हणजे फारच आवडलं, कारण त्यात पुन्हा बघायचंच होतं. पण हे ॲप सगळ्यांचंच ऐकत असे. पहिल्या दिवशी व्हायोलिनच्या सुरावर काटा लाल राहिला तो राहिलाच, आणि खालून भंगारवाला ओरडत गेला तेव्हा मात्र लख्ख हिरवा झाला. कुकरची तिसरी शिट्टी शुद्ध पंचमात असल्याचंही सिद्ध झालं. धैर्यवानांच्या घरात सुरेल नव्हते ते एकटे कमलाकांत.

"बाबा, टिकल्या सरकल्यायत," क्षितिजाने व्हायोलिन उजेडात धरून सांगितलं. "हा गंधार बघ ना, पार मध्यमाच्या मांडीवर जाऊन बसलाय. आई बरोबर सांगत होती."

कमलाकांतांना जितका धक्का बसला तितकाच आनंदही झाला. म्हणजे दोष त्यांच्या वाजवण्यात नव्हता, टिकल्यांत होता! कान, बोटं वगैरे मंडळींवर विश्वास टाकायचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. ते गेले आणि टिकल्यांची चार नवी पाकिटं घेऊन आले. चैत्रगौरीच्या दिवशी सकाळी क्षितिजाने पट्टी स्पिरिटने पुसली, ॲपवर एकेक सूर तपासला आणि एकेक टिकली जागच्या जागी चिकटवली. कमलाकांतांनी भिंगातून तपासणी केली. संध्याकाळपर्यंत व्हायोलिनला हात लावायचा नाही, तेल तर नाहीच नाही, असं ठरलं.

"आता बघू कोण म्हणतं गंधार चढला," ते म्हणाले.

"बाबा, एकदा डोळे मिटून वाजवून बघतोस का?"

"डोळे मिटून? मग टिकल्या लावल्या कशाला?"

संध्याकाळी वाडीच्या तळमजल्यावरचं सभागृह सजलं. मधोमध झोपाळ्यात चैत्रगौर, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास, कलिंगडाची कमळं, कैरीची डाळ, पन्ह्याची पातेली. बाजूला गाण्यासाठी सतरंजी. सभागृहभर पोरं धावत होती, म्हणून कमलाकांतांनी व्हायोलिन सगळ्यात सुरक्षित जागी ठेवलं: गौरीच्या शेजारी रिकाम्या चौरंगावर, टिकल्यांना धक्का लागू नये म्हणून उताणं. गौरीच्या आसपास पोरं फिरकत नाहीत, असा त्यांचा हिशेब. मग ते रेशमी कुडता घालायला वर घरी गेले. कुडता दोन वर्षांपूर्वी शिवलेला, पोट या वर्षीचं. बटणं लागेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात तात्या टॅक्सीतून पेटी घेऊन उतरले आणि त्यांनी खालून हाका मारल्या, मग त्यांची पेटी उचलायला जावं लागलं.

"धैर्यवान, आज म्हणे तुम्ही पण वाजवताय," तात्या घाम पुसत म्हणाले. "चांगलं आहे. बायको म्हणजे समजून घेनारच. आमच्या पेटीला बाकी टिकली लागत नाय. पट्टी दाबली की सूर तयार. डोळं फुटलं तरी चुकायचं नाय."

पेटीचं ओझं कमलाकांतांच्याच हातात होतं.

सभागृहात पाय ठेवला आणि त्यांचे डोळे चौरंगावर खिळले. व्हायोलिनच्या मानेवर मोगऱ्याचा गजरा होता. पोटावर अक्षता होत्या. आणि वाडीतल्या सात-आठ बायका हातात करंडा घेऊन चौरंगापुढे शिस्तीत रांग लावून उभ्या होत्या.

झालं होतं असं, की महिला मंडळाच्या अध्यक्षा मालनवहिनी आरास बघायला आल्या आणि गौरीशेजारी चौरंगावर त्यांना एक वाद्य दिसलं. वाद्य म्हणजे सरस्वती. त्यात त्या वाद्याला वरपासून खालपर्यंत टिकल्या लावलेल्या, एक तर खड्याची. कुणीतरी हौसेने पूजेला मांडलंय आणि कुंकू लावायचं राहिलंय, हे कोणत्याही शहाण्या बाईच्या लक्षात आलं असतं. मालनवहिनींनी आधी हळद वाहिली, मग कुंकू. त्यांचं बघून पुढच्या बाईने, तिचं बघून तिच्या मागच्या बाईने. प्रत्येकीने गौरीला हळदीकुंकू लावलं की दुसरी चिमूट व्हायोलिनला. टिकल्यांची जागा हीच कुंकवाची जागा, यात कुणाला शंका नव्हती. ती काळी पट्टी आता काळी नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सलग लालपिवळी झाली होती, आणि षड्ज, गंधार, खड्याचा तीव्र मध्यम, सगळे त्या कुंकवाखाली गडप झाले होते.

"अहो, अहो, अहो!" कमलाकांत धावले.

"या भावोजी," मालनवहिनी प्रसन्नपणे म्हणाल्या. "किती छान कल्पना हो तुमची! ओटी तेवढी राहिलीय." आणि त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्यांची ओंजळ व्हायोलिनच्या पोटावर ओतली. व्हायोलिनच्या पोटाला दोन्ही बाजूंना नागमोडी भोकं असतात. बरेचसे हरभरे घरंगळून खाली पडले, पण तीन-चार थेट आत गेले.

कमलाकांतांनी खिशातून रुमाल काढला. मालनवहिनींनी त्यांचा हात धरला.

"पुसताय काय? गौरीपुढं पुजलेली वस्तू आहे. उत्तरपूजेआधी पुसायची नसते."

"मालनवहिनी, मला वाजवायचंय ते!"

"मग वाजवा की! वाजवायला कोण नाय बोललं? पुसू नका, एवढंच."

कमलाकांतांनी बायकोकडे पाहिलं. राजलक्ष्मीबाई ओठ दाबून छताकडे बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. तात्यांनी तर तेवढीही सभ्यता पाळली नाही, ते पेटीवर डोकं ठेवूनच हसले.

पहिलं पद तात्यांबरोबर झालं. छान झालं, दुसरं काय होणार? राजलक्ष्मीबाईंचा आवाज लागला होता आणि पेटी त्यांच्या मागून मुकाट चालत होती. मालनवहिनी पहिल्या रांगेत बसूनच टाळ वाजवत होत्या. कमलाकांत सतरंजीच्या कडेला व्हायोलिन मांडीवर घेऊन बसले होते आणि माळ्यावर नेमकी कुठे जागा आहे, ते आठवत होते. जुन्या गादीच्या मागे होती. तिथे ते गेलं की संपलं. पुढच्या चैत्रात पुन्हा मागची रांग, पुन्हा थर्मास. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. बासष्टीचा माणूस रेशमी कुडत्यात रडला तर बरं दिसणार नाही, म्हणून त्यांनी ते थांबवलं.

"आता दुसरं पद," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "साथीला आमचे हे."

कमलाकांतांनी व्हायोलिन उचललं. आत हरभरे गडगडले. आपल्याकडे खाली बसून व्हायोलिन वाजवताना त्याचं एक टोक छातीला टेकवतात आणि दुसरं पायाच्या घोट्यावर ठेवतात. त्यांनी तसं ठेवताच पहिल्या रांगेतून मालनवहिनी ओरडल्या, "पाय लागतोय! भावोजी, पाय!" मग एक शाल आली, तिची वळकटी झाली, व्हायोलिनचं टोक गजऱ्यासकट त्या वळकटीवर विराजमान झालं. त्याने सगळा कोन बदलला. पण कोन बदलून तरी काय बिघडणार होतं? बघायला होतं काय? चष्म्यातून, चष्म्यावरून, मान वाकडी करून, कसंही बघितलं तरी पट्टी म्हणजे एकच लांबच लांब टिकली.

तानपुऱ्याचं यंत्र सुरू झालं. राजलक्ष्मीबाईंनी सूर लावला. कमलाकांतांनी अंदाजाने सकाळच्या गंधाराच्या जागेवर नजर रोखली, बोट ठेवलं आणि गज ओढला. जो आवाज निघाला तो गंधार नव्हता. तो यमनातलाच काय, कुठल्याच रागातला नव्हता. पन्हं पिणाऱ्या एका बाईला ठसका लागला. बाकीच्या बायका एकदम कैरीच्या डाळीचं कौतुक करू लागल्या. कमलाकांतांनी नाक जवळजवळ तारेला लावून दुसरी जागा शोधली. कुंकू नाकाला लागलं. दुसरा आवाज पहिल्याहून वाईट होता. तात्यांनी हळूच पेटीचा भाता मोकळा केला, म्हणजे वेळ आली तर मदतीला धावता यावं.

राजलक्ष्मीबाईंनी गाता गाताच त्यांच्या गुडघ्यावर चापटी मारली.

"इकडे बघा," त्या दोन ओळींच्या मधल्या श्वासात म्हणाल्या.

कमलाकांतांनी मान वर केली. इतकी वर्षं त्यांनी हिचं गाणं मागच्या रांगेतून पाहिलं होतं. तिथून ती अंगठ्याएवढी दिसायची. आज ती हातभर अंतरावर होती. कानाजवळची बट घामाने चिकटली होती. षड्जावर ती थांबली की गळा स्थिर व्हायचा, आणि गंधाराकडे निघाली की हनुवटी किंचित खाली यायची. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिच्याकडे बघण्यात पट्टीकडे बघायचं राहूनच गेलं.

बोट मात्र तारेवरच होतं. ते आपलं आपण चाललं. कुंकवाने तार खरखरीत झाली होती, बोटाखाली ती कुठवर आली ते नेहमीपेक्षा जास्तच समजत होतं. अंगठ्याला मानेचा फुगवटा लागला, पहिल्या बोटापासून दुसरं बोट जेवढं लांब ठेवायची तीन वर्षांची सवय होती तेवढं ते लांब पडलं. जरा खाली. कानाने ओरडून सांगितलं, वर. बोट केसभर वर गेलं. आणि एकदम छातीला टेकलेलं लाकूड थरथरलं. शेजारची मोकळी तार न वाजवता गुणगुणायला लागली. राजलक्ष्मीबाईंचा गंधार आणि त्यांचा गंधार, मध्ये काही उरलंच नाही. व्हायोलिनच्या पोटातले हरभरेसुद्धा त्या थरथरीने एका बाजूला गोळा होऊन बारीक आवाजात नाचायला लागले.

"अगो बाय," मालनवहिनी म्हणाल्या आणि त्यांचा टाळ चुकला.

मग पुढचा सूर आला, आणि तोही आला. तीव्र मध्यम तर असा लागला की खडा कुठे आहे याची कुणी चौकशीही केली नाही. कमलाकांतांना भीती वाटेना, आनंदच वाटायला लागला, आणि आनंद माणसाला मूर्ख करतो. आपण इतकं सुरात वाजवतोय तर आपलं बोट आहे तरी कुठे, हे बघण्याचा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी खाली पाहिलं.

बोट सकाळच्या हिशेबाने साफ चुकीच्या जागी होतं. निदान डोळ्यांना तसं वाटलं. डोळ्यांनी ताबडतोब हुकूम सोडला, बोटाने तो पाळला, आणि धैवत धाडकन पडला.

राजलक्ष्मीबाईंच्या उजव्या हातात ताडाच्या पानाचा हातपंखा होता. उकाड्यामुळे सगळ्याच बायका पंखे घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गाणं न थांबवता तो पंखा नवऱ्याच्या नाकापुढे आडवा धरला. कमलाकांतांना पट्टी दिसेना, गज दिसेना, स्वतःचा हात दिसेना. दिसला फक्त पंख्याचा लाल कापडी काठ. त्यांनी नाइलाजाने कान टवकारले. धैवत उठून उभा राहिला, अंग झटकून जागेवर आला, आणि पद पुढे चाललं. बाजूने डोकावायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पंखाही बाजूला सरकला.

पद संपलं, तानपुऱ्याचं यंत्र बंद झालं, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी पंख्यासाठी वाजवल्या असतील. कमलाकांत घामाने निथळत होते, नाकावर कुंकू होतं, बोटांची टोकं लालभडक झाली होती. कसं झालं, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. सूर हलला होता का? सुरुवातीचे दोन आवाज सोडले तरी एकदा हलला होता. धैवत पडला होता. हिच्या कानातून तो सुटला नसणारच. कबूल म्हणजे कबूल. त्यांनी गज सैल केला आणि व्हायोलिन खाली ठेवायला कपडा शोधू लागले.

"वैनी, अजून एक!" मालनवहिनी म्हणाल्या. "एवढ्यात कुठं उठताय?"

"एक! एक!" मागून आवाज आले.

तात्या याचीच वाट बघत होते. त्यांनी कुडत्याच्या बाह्या मागे सारल्या, भाता ओढला आणि पेटीवर भरदार षड्ज दाबून धरला. अर्धसुद्धा बोट इकडेतिकडे नाही, नेहमीचा खणखणीत.

"तात्या," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, "तुम्ही जरा कैरीची डाळ घ्या. दमला असाल."

"मी? मी कशाला दमू?"

"घ्या हो. संपायच्या आत घ्या."

तात्यांनी पेटीवरचं बोट उचललं. राजलक्ष्मीबाईंनी पदर सारखा केला, मांडी बदलली आणि नवऱ्याकडे वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "षड्ज द्या."

कमलाकांतांना आधी समजलंच नाही. मग समजलं. लग्न झाल्यापासून या बाईने त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं, पर्स मागितली होती, दूध, भाजी, गॅसचा नंबर, सगळं मागितलं होतं. सूर कधी मागितला नव्हता. त्यांनी गज पुन्हा आवळला, डोळे घट्ट मिटले आणि तो मोकळ्या तारेवरून ओढला. उकाड्याने ती तार मघापासून सैल पडत आली होती. षड्ज निघाला तो पेटीच्या षड्जाहून चांगला बोटभर खाली.

"उतरलाय," तोंडात डाळीचा घास असतानाही तात्या म्हणाले.

"हो," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी पंखा उचलून नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धरला आणि त्या उतरलेल्या षड्जाला आपला आवाज लावून गायला सुरुवात केली.